विनंती थांबा

आमच्या सोनईत मला ‘एक नंबर’ म्हणून हाक मारणारा एकच माणूस होता, आणि ते कौतुक नव्हतं. माझ्या मेडिकलमध्ये चार गिऱ्हाइकं उभी असताना साळवे सर पायरीवरून विचारायचे, “काय एक नंबर, चाललंय का बरं?” नवीन गिऱ्हाईक माझ्याकडे जरा आदरानं बघायचं. औषधं एक नंबर देत असेल, असं त्याला वाटत असणार. मी कधी खुलासा केला नाही. खरी गोष्ट अशी की शाळेत कवायतीला उंचीप्रमाणे रांग लागायची, सगळ्यात बुटका सगळ्यात पुढं, आणि पाचवी ते दहावी अशी सहा वर्षं माझ्यापुढं उभं राहायला देवानं कुणाला पाठवलंच नाही.

सर गेल्यापासून ती हाक बंद झाली. त्याला आता वर्ष होत आलं. परवा कुणीतरी माझ्या दुकानाला ‘एक नंबर दुकान’ म्हणालं, तर मी उगाचच पायरीकडे वळून बघितलं.

प्रभाकर साळवे हे आमचे कवायतीचे सर. उंच, काटक, सावळे, मान कायम ताठ. मुलांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, किंवा ते ठेवत नसत. नंबर मात्र जन्मभर. पुढं त्यांच्याच चर्चला पाळक म्हणून आलेले रेव्हरंड सुहास माझ्याच वर्गातले, ते ‘अकरा नंबर’. रविवारची उपासना संपली की पाळक दारात उभे राहतात, लोक हात मिळवून ‘सलाम पाळकसाहेब’ म्हणत बाहेर पडतात. सर आपले म्हणायचे, “अकरा, आज उपदेश लांबला. मागची बारकी पोरं चुळबुळ करत हुती.” सुहास मान खाली घालून “हो सर” म्हणायचा. झगा घातलेला असला तरी अकरा नंबर तो अकरा नंबरच.

सरांच्या पायात बारा महिने पांढरे कॅनव्हासचे बूट. दर शनिवारी संध्याकाळी ते अंगणात बसून जुन्या दात घासायच्या ब्रशनं त्यांना पांढरा रंग द्यायचे आणि वाळायला खिडकीत ठेवायचे. त्यांची बायको मार्थाबाई म्हणायच्या, “घरात एवढी माया फकस्त त्या बुटांच्या वाट्याला आलीया.” सर नुसते हसायचे. बोलण्यावर त्यांचा विश्वास कमी होता. शिट्टीवर जास्त. शिट्टी गळ्यात, शर्टाच्या आत असायची. घरी चहा पाहिजे असला की एक लहान शिट्टी, आणि आतून मार्थाबाईंचा आवाज, “ऐकू आलं. मी काय सातवी ब हाय का?”

मैदानाला फेऱ्या मारताना एखादा पोरगा धापा टाकत उभा राहिला की सर लांबूनच विचारायचे, “का रं थांबला? यष्टी हाय का तू?” हे वाक्य गावातल्या तीन पिढ्यांनी ऐकलंय. सगळ्यात जास्त वेळा मी. स्वतः सर कधी थांबत नसत. घर गावाच्या एका टोकाला, चर्चमागच्या गल्लीत, आणि शाळेचं मैदान दुसऱ्या टोकाला, मध्ये पाऊण-एक किलोमीटरचा रस्ता. तो सर एका दमात काटायचे. कुणी राम राम घातला तर चालता चालता हात वर. कुणी काही विचारलं तर उत्तर चालता चालताच, आणि प्रश्न जरा मोठा असला तर विचारणाऱ्यानं त्यांच्याबरोबर मैदानापर्यंत जायचं. माझ्या लग्नात ते मांडवाच्या एका दारानं आत आले, माझ्या हातात पाकीट दिलं आणि दुसऱ्या दारानं बाहेर पडले. सासरकडच्या मंडळींनी विचारलं, हे कोण. मी सांगितलं, आमचे सर, ते थांबत नाहीत.

त्यांचा आणखी एक नियम होता. पाया पडायचं नाही. गुरुपौर्णिमेला बाकीच्या शिक्षकांपुढं पोरं रांगेनं वाकायची. सरांपुढं कुणी वाकलं की ते दोन पावलं मागं सरायचे. “वाकू नगं. ताठ उभा ऱ्हा आन सलाम कर.” त्यामुळे सरांच्या पायाला गावात कधी कुणाचा हात लागला नाही. हे मी मुद्दाम सांगतोय. पुढं त्याची फार मोठी किंमत मोजावी लागणार होती.

निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी सरांना हार्टचा झटका आला. नगरला नेलं, हृदयाच्या रक्तवाहिनीत नळी टाकली, आठवड्यात परत. साखर आधीपासून होतीच. तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी वरच्या खिशात, ती शाळेत असताना लपलेली असायची, आता उघड झाली. मी एकदा म्हणालो, “सर, आता तरी सोडा.” तर म्हणाले, “मोटार दुरुस्त झाली की. आन पाय चालत्यात तवर मला काय हुत न्हाई.” गोळ्या ते माझ्याकडूनच न्यायचे. त्यातली कोलेस्टेरॉलची गोळी काही महिन्यांनी त्यांनी आपल्या मनानं बंद केली. “लई झाल्या गोळ्या,” म्हणाले. मी एकदा टोकलं, दोनदा टोकलं, मग गप्प बसलो. सरांना तिसऱ्यांदा सांगायची सवय आमच्यापैकी कुणालाच नव्हती.

निवृत्त झाले तरी रोज साडेचारला मैदानावर जायचे, खो-खोच्या मुलींना शिकवायचे. माझं दुकान त्याच रस्त्यावर, मैदानाच्या अलीकडे. एके दिवशी काय झालं, सर दुकानासमोर आले आणि थांबले. चक्क थांबले. पायरीवर बसले. मला वाटलं काहीतरी हवंय, मी लगबगीनं बाहेर आलो. तर म्हणाले, “काय एक नंबर, पोरं काय करत्यात तुझी?”

तीस वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच घरचं काही विचारलं होतं. मला इतका आनंद झाला की मी थोरलीच्या अभ्यासापासून धाकट्याच्या दातापर्यंत सगळं सांगितलं. ते हूं हूं करत ऐकत होते. दोन-तीन मिनिटांनी उठले आणि गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग ते रोजचंच झालं. संध्याकाळी मी बायकोला सांगितलं, “सर म्हातारपणी माणसात आले बरं का.” गावात बऱ्याच जणांचं हेच मत झालं.

कारण काही महिन्यांनी ते माझ्याही अलीकडे, कुसुमताईंच्या पिठाच्या गिरणीपाशी थांबू लागले. मग त्याच्याही अलीकडे रफिकभाई टेलरच्या ओट्यावर. रफिकभाईंना पँटीची इस्त्री कशी धारदार पाहिजे हे त्यांनी शिकवलं, आणि रफिकभाईंनी ते शिकूनही घेतलं, पंचवीस वर्षं त्यांचा तोच धंदा असताना. गिरणीवर बसल्या बसल्या त्यांना कळलं की कुसुमताईंची मुलगी पूर्वी चांगली पळायची, पण घरच्या कामापायी तिनं सोडून दिलं. सरांनी तिला चौथ्या दिवशी मैदानावर नेलं. ती पोरगी पुढं जिल्ह्याला पळाली. कुसुमताई अजून म्हणतात, सर गिरणीपाशी थांबले नसते तर माझ्या पोरीचे पाय दळणातच गेले असते.

आम्ही तिघं तीन थांब्यांवरची माणसं. पहिला थांबा माझा होता, म्हणून मला त्याचा थोडा तोराही होता. सर घरातून निघून आधी किती लांब येऊन थांबत होते आणि आता किती जवळ थांबताहेत, हे आमच्या तिघांच्या डोळ्यांसमोर दोन वर्षं चाललं होतं. त्याचा अर्थ लावायचं डोकं रफिकभाईंना नसलं तर समजण्यासारखं आहे. मी औषधांचं दुकान चालवतो.

त्या वर्षीची सव्वीस जानेवारीची प्रभातफेरी सगळ्यांना आठवते. फेरीच्या पुढं अजूनही सरच असायचे. फेरी गावाला वळसा घालून गिरणीपाशी आली आणि सरांनी एकदम आरोळी दिली, “थम!” तीनशे पोरं जागच्या जागी थांबली, मागची पुढच्यांवर आदळली. फेरी मध्येच थांबल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. हेडमास्तर धावत पुढं आले. सर सावधानमध्ये उभे, नजर समोर, म्हणाले, “इथं येक गानं हुईल.” पोरांनी गाणं म्हटलं. पाठीमागं उसाच्या दोन ट्रॉल्या अडकून उभ्या होत्या, त्यांचे ड्रायव्हरही गाणं ऐकत राहिले. कुसुमताईंना वाटलं आपल्या मुलीच्या कौतुकासाठीच हे केलं, त्यांनी डोळ्याला पदर लावला. गाणं संपलं, सरांनी दोन क्षण वाट पाहिली, आणि मग “तेज चल.”

आठवडाभर गावात त्या गाण्याचं कौतुक चाललं होतं. मी सरांना पायरीवर गाठून म्हणालो, “सर, आम्हाला विचारायचात यष्टी हाय का. आता तुमचीच यष्टी झाली की. टेलर थांबा, गिरणी थांबा, मेडिकल थांबा.” मी आपला थट्टेत बोललो. सर हसले नाहीत. पोटरीवरून हात फिरवत होते, तो त्यांनी काढून घेतला. मग म्हणाले, “ती गोळा आल्यावर लावायची मलमाची ट्यूब हाय का?” मी दिली. पुढच्या महिन्यात आणखी एक दिली. ती ट्यूब मी त्यांना किती वेळा दिली हे आठवलं की अजून मला माझ्याच दुकानात बसायची लाज वाटते.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात, उत्तम शुक्रवारच्या आदल्या संध्याकाळी, सुहासनं चर्चमध्ये पाय धुण्याचा विधी ठेवला. प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून पाळकानं मंडळीतल्या बारा जणांचे पाय धुवायचे. आमच्याकडच्या चर्चमध्ये ही पद्धत नव्हती, सुहासनंच नवीन सुरू केली. बारा जणांत मार्थाबाईंनी सरांचं नाव परस्पर देऊन टाकलं. पुढचं सगळं मला सुहासनं सांगितलं.

सर बूट काढायला तयार नव्हते. मार्थाबाईंनी बाकामागून नुसतं बघितलं, तेव्हा काढले. उजवा पाय सुहासनं कोमट पाण्यात घेतला, धुतला, पुसला. मग डावा. तो हातात घेतला आणि सुहास म्हणतो, मला वाटलं मी रांजणातला दगड धरलाय. पाय गार, पोटरीपर्यंत एक केस नाही, कातडी ताणून चकचकीत झालेली. करंगळीचं टोक काळं पडलेलं, आणि तिथं मोज्याचा धागा चिकटलेला. पाण्यात बुडवला तरी सरांना काही कळलं नव्हतं. सुहास तसाच गुडघ्यावर बसून राहिला, पाय सोडेना. पेटीवाल्यानं कडवं संपवून पुन्हा सुरू केलं. सर खाली वाकून हळूच म्हणाले, “अकरा, पुढं सरक. मागं रांग थांबलीया.”

“थांबू द्या सर,” सुहास म्हणाला. सरांना उलटं बोलायची ती त्याची पहिलीच वेळ.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी तो सरांना आणि मार्थाबाईंना घेऊन माझ्या दारात उभा होता. त्याला स्वतःला चर्चमध्ये उत्तम शुक्रवारची तीन तासांची उपासना होती, म्हणून गाडी मी काढायची होती. त्यानं मला बाजूला घेतलं आणि पायाचं सांगितलं. मग म्हणाला, “तुझ्याकडं रोज बसायचे ना रे? तू मेडिकलवाला. तुला काहीच दिसलं न्हाई?” मी म्हणालो, “बूट असायचे.” ते खरं होतं, पण पुरेसं नव्हतं हे आम्हा दोघांनाही कळलं.

नगरच्या वाटेवर घोडेगावला जनावरांचा बाजार भरला होता. रस्त्यावर टेम्पो तुंबलेले, आम्ही अर्धा तास जागचे हललो नाही. मार्थाबाई मागं डोळे मिटून प्रार्थना करत होत्या. सर खिडकीतून बघत होते. एक शेतकरी गाय घेत होता. विकणारा तिला दोरीला धरून पुढं-मागं चालवत होता आणि घेणारा उकिडवा बसून तिचे पाय निरखत होता.

“बघ,” सर म्हणाले. “जनावर घ्यायचं तर आधी चालवून बघत्यात. मी पोरांस्नी तीस वरसं चालवलं. मला मातुर कुनी चालवून बघितलं न्हाई.”

मला राहवलं नाही. मी विचारलं, “सर, म्हणजे तुम्ही पाय दुखायचा म्हणून थांबत होता?”

“मग? तुझ्या धाकट्याचं दात ऐकायला?” ते म्हणाले. “पोटरीत असा गोळा यायचा का पुढचं पाऊल टाकवंना. थांबलं की दोन मिन्टात मोकळं. मग पुन्ना तेवढंच चालायचं.”

“मग सांगायचं नाही का?”

“कुनाला सांगू? तुमास्नी? जन्मभर म्हनत आलो, यष्टी हाय का.”

पायाची काळजी होतीच, पण खरं सांगायचं तर त्या क्षणी मला दुसरंच लागलं. दोन वर्षं मी रोज साडेचारच्या सुमाराला काउंटर सोडून बाहेर यायचो. माझ्या बायकोला, मुलांना, सासुरवाडीला, सगळीकडे सांगितलं होतं की सर माझ्याकडे थांबतात. आणि सर माझ्याकडे थांबतच नव्हते. माझी पायरी त्यांच्या दुखण्याच्या अंतरावर आली होती, एवढंच.

नगरच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, आवाज शांत. त्यांनी आधी पायाच्या वरच्या बाजूला बोटं ठेवून नाडी शोधली. उजव्या पायाला सापडली, डाव्याला नाही. मग हाताचा रक्तदाब घेतला आणि तोच पट्टा घोट्याला बांधला. सर म्हणाले, “पायाचं बी बीपी असतंय व्हय?” बाई म्हणाल्या, “असतं, आणि तुमच्या डाव्या पायाचं हाताच्या निम्मंसुद्धा नाही.” त्यांनी विचारलं, चालताना पोटरी दुखते का. सर म्हणाले, “न्हाई.” किती चाललं की थांबावं लागतं? सरांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

तेव्हा मी सांगितलं. आधी मेडिकल, मग गिरणी, मग टेलर. कोणत्या महिन्यात कुठं, सगळं मला पाठ होतं. पावलांचं अंतरही मी अंदाजानं सांगितलं. बाई लिहून घेत होत्या. लिहून झाल्यावर त्या माझ्याकडे बघून साधेपणानं म्हणाल्या, “म्हणजे तुम्हाला सगळं माहीत होतं.” त्यांच्या बोलण्यात दोष देण्याचा सूर अजिबात नव्हता.

मग त्यांनी सरांना समजावलं. शेतात ठिबक असतं ना, त्याच्या नळीत क्षार साठला की शेवटच्या झाडाला पाणी पोचत नाही. तुमच्या पायाच्या नळ्यांचं तेच झालंय, आणि हृदयाचंही तेच झालं होतं. आजार एकच आहे. साखर आणि तंबाखू मिळून सगळ्या अंगात तो वाढवतायत. सरांनी एवढंच विचारलं, “पाय ऱ्हाईल का?”

“प्रयत्न करू,” बाई म्हणाल्या. “सहा महिने आधी आला असतात तर मी हो म्हणाले असते.”

सरांनी खिशातली पुडी आणि डबी काढून टेबलावर ठेवली. कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून तंबाखूला त्यांनी हात लावला नाही.

जांघेतून तार घालून, फुगा फुगवून पायाची नळी मोकळी केली. पाच दिवस कुणालाच काही सांगता येत नव्हतं. जखम वर चढली असती तर गुडघ्याखाली पाय गेला असता. मार्थाबाई त्या पाच दिवसांत दर तासाला पांघरुणात हात घालून पाय गरम आहे का बघायच्या. सर वैतागायचे, “अगं, अंडं हाय का ते उबवायला?” सहाव्या दिवशी सकाळी त्यांनी मला फोन केला आणि नुसतं म्हणाल्या, “भाऊ, ऊब आलीया.” मी दुकानात गिऱ्हाइकासमोर रडलो. करंगळी आणि शेजारचं बोट गेलं. पाय राहिला.

घरी आल्यावर तीन महिने जखम भरण्यात गेले. मग बाईंनी चालायला सांगितलं, आणि कसं चालायचं तेही सांगितलं. पोटरी चांगली दुखेपर्यंत चालायचं, मग थांबायचं, दुखणं पूर्ण गेलं की पुन्हा चालायचं. रोज अर्धा तास, गोळ्या न चुकता. सरांनी ते दोनदा विचारून घेतलं. “म्हंजे थांबायचंच? तुमी लिवून देताय?” बाईंनी लिहून दिलं. तो कागद त्यांनी घडी करून तंबाखूच्या रिकाम्या खिशात ठेवला आणि कुणी विचारलं नसतानाही दाखवत फिरले.

सर पुन्हा साडेचारला रस्त्यावर दिसू लागले. नवे मऊ, रुंद बूट होते, तेही पांढरेच, पण आता उघडपणे थांबायचे. रफिकभाईंनी ओट्यावर गादी टाकली. कुसुमताईंनी प्लॅस्टिकची खुर्ची आणली. मी पायरीवर रोज पाणी मारून घ्यायचो, आणि मुलांच्या गोष्टी सांगणं मात्र बंद केलं होतं. सर येऊन बसायचे, मी विचारायचो, “पाय?” ते म्हणायचे, “बरा.” मग मी आत जायचो. त्यांना विश्रांती घेऊ द्यावी, असं मी स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे मी रुसलो होतो, चाळीशी ओलांडलेला माणूस, आपल्या कवायतीच्या सरांवर.

चाल हळूहळू सुधारली. दिवाळीला टेलर थांबा बंद झाला. रफिकभाई मला म्हणाले, “सर आता थांबत न्हाईत. चांगलंच झालं म्हना,” आणि गादी झटकून आत ठेवली. उन्हाळ्यापर्यंत गिरणीही मागं पडली. कुसुमताईंची खुर्ची दळण घेऊन आलेल्या बायका वापरू लागल्या. आता एकच थांबा उरला होता, माझा, आणि मला ठाऊक होतं की तोही जाणार. तो जावा म्हणूनच सगळं चाललं होतं. मी गोळ्यांची पाकिटं स्वतः घरी नेऊन देत होतो.

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी सकाळी चर्चला निघताना सर खुर्चीत बसून बुटाची नाडी बांधत होते, तिथंच गेले. हृदय थांबलं. पाय वाचला तरी हे दुखणं सगळ्या अंगाचं आहे, हे बाईंनी आधीच सांगितलं होतं. आम्हीच पायाच्या आनंदात ते विसरलो होतो. मार्थाबाई मला म्हणाल्या, “दोन्ही पायांनी गेले, भाऊ. कुनावर भार न्हाई टाकला.” चर्चमध्ये शवपेटीपाशी गावातले लोक वाकून पायावर हात ठेवत होते. माझी पाळी आली तेव्हा मी वाकायला गेलो आणि मग ताठ उभा राहिलो, सलाम केला. माझ्यामागं उभ्या सुहासनंही तसंच केलं. पहिला आणि अकरावा.

पण मला दिसतात ते त्याच्या महिनाभर आधीचे सर. दुपार कलली होती. मी काउंटरवर होतो आणि रस्त्याच्या वरच्या अंगाला पांढरे बूट दिसले. टेलर मागं पडला, गिरणी मागं पडली. मान ताठ, पाऊल एकसारखं, डावं किंचित फाकून पडणारं. मी बाहेर आलो. सर माझ्या पायरीसमोर आले आणि न थांबता पुढं निघून गेले. चालता चालता हात तेवढा वर केला, पूर्वीसारखा. मला हसू यायला हवं होतं. मी तिथंच उभा राहिलो आणि त्यांच्या पाठीकडे बघत राहिलो.

पुढच्या विजेच्या खांबापर्यंत ते गेले. तिथं थांबले, जागेवर वळले, आणि आले तसेच परत माझ्या दिशेनं चालत आले. पायरीवर बसले.

“काय झालं सर? दुखतोय का?”

“न्हाई.”

“दम लागला?”

“न्हाई. सरळ मैदानावर गेलो असतो आज.”

“मग का थांबला? यष्टी हाय का?” मी म्हणालो.

सरांनी रुमालानं बुटावरची धूळ झटकली. “विनंती थांबा हाय ह्यो,” ते म्हणाले.

“मी कुठं विनंती केली?”

“दुकान सोडून रस्त्यात उभा हुतास की, तोंड येवढं करून,” सर म्हणाले. “बस हितं, एक नंबर. धाकट्याच्या दाताचं पुढं काय झालं, त्ये ऱ्हायलंय सांगायचं.”